धोका दिसतो, पण उशिरा! शिकाऊ चालकाने रस्त्यावर नेमकं काय बघायचं?

तिसरा_गिअर :
क्लच सोडताना गाडी बंद पडत नाही, गिअर खाली न बघता पडतात, वळणं बरी जमतात. इथपर्यंत सगळे शिकवतात. पुढचा भाग मात्र 'सांभाळून', 'पुढे बघ', 'लक्ष कुठंय?' एवढ्यावर उरकतो. लक्ष ठेवायचं म्हणजे नक्की कशावर? पुढे म्हणजे किती पुढे? आणि धोका दिसल्यावर पहिली कृती कोणती: ब्रेक, हॉर्न की स्टिअरिंग?

माझं मत आधीच मांडतो. नवशिक्याचे पाय मंद नसतात, त्याला धोका कळतोच उशिरा. म्हणून 'पटकन ब्रेक मारायला शीक' हा सल्ला अर्धवट आहे. इथे शिकवणारे, जड वाहनं चालवणारे, टायर-ब्रेक कोळून प्यायलेले बरेच आहेत. स्वतःचे किस्से दुसऱ्या धाग्यांवर भरपूर झालेत. इथे फक्त तपशील येऊ द्या.

शेजारची_सीट :
सहमत. दोष नजरेचा आहे. मोरंट आणि रॉकवेल या संशोधकांनी १९७२ मध्ये नवशिक्या आणि मुरलेल्या चालकांच्या डोळ्यांच्या हालचाली तपासल्या होत्या. नवशिके गाडीच्या जवळचंच बघत होते, आडवी नजर कमी फिरवत होते, आरशांत कमी डोकावत होते. बॉनेटपुढचे पंधरा मीटर बघणाऱ्याला ताशी ५० किमी वेगात पुढच्या एका सेकंदात काय येणार तेवढंच कळतं. तिथे काही दिसलं तरी करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

'किती पुढे' याचं उत्तर सेकंदांत धरा. १२ ते १५ सेकंदांनी आपण जिथे असू, तिथपर्यंत नजर गेली पाहिजे. ५०च्या वेगाला हे १७० ते २०० मीटर होतात. तिथून नजर मागे आणायची: दूर, मधे, दोन्ही कडा, आरसा, पुन्हा दूर. एकाच गोष्टीवर दोन सेकंदांहून जास्त डोळे खिळले की बाकीचं चित्र शिळं होतं.

मधला आरसा दर ५ ते ८ सेकंदांनी, शिवाय वेग किंवा दिशा बदलायच्या आधी प्रत्येक वेळी. नुसती नजर टाकली म्हणजे बघितलं असं नाही. शेजारी बसणाऱ्याने अधूनमधून विचारावं, 'मागे काय आहे?' आरशाकडे न बघता उत्तर आलं तर खरं. 'थांबा, बघून सांगतो' असं आलं तर मागचे दहा सेकंद वाया गेले.

आगाऊ_प्रवासी :
शेजारच्या सीटवरून पायाखालच्या मॅटवर जो काल्पनिक ब्रेक दाबला जातो, त्याने गाडी किती मीटरमध्ये थांबते तेही कोणीतरी सांगा.

रबर_आणि_डांबर :
@आगाऊ_प्रवासी, तो ब्रेक फुकट घालवू नका. शेजारच्याचा पाय ताणला गेला म्हणजे त्याला धोका चालकाच्या आधी दिसला. शिकाऊ चालकासाठी ती फुकटची सूचना आहे.

खऱ्या ब्रेकचं गणित देतो. धोका दिसणं, तो धोका आहे हे कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं, यात अनपेक्षित प्रसंगी दीड सेकंद सहज जातो. कोरडा चांगला रस्ता, चांगले टायर आणि पूर्ण दाबलेला ब्रेक धरला (वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंदाने कमी होतो असं मी धरलंय), तर:

५०च्या वेगाला: कळेपर्यंत २१ मीटर, ब्रेकवर १४, एकूण ३५.
६०ला: २५ आणि २०, एकूण ४५.
८०ला: ३३ आणि ३५, एकूण ६८.
१००ला: ४२ आणि ५५, एकूण ९७.

पहिला आकडा वेगाच्या प्रमाणात वाढतो, दुसरा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. आता यातली खरी गोम बघा. ३५ मीटरवर काहीतरी आडवं आलं. ५०ची गाडी त्याच्या जेमतेम अलीकडे थांबते. ६०च्या गाडीचे त्यातले २५ मीटर कळण्यातच गेले, ब्रेकला उरले १०. त्या जागी पोचते तेव्हा तिचा वेग अजून ४० ते ४५ असतो. म्हणजे '१० नेच तर जास्त होता' यातले ते १० टक्कर होताना ४० बनून समोर येतात.

ओल्या रस्त्यावर ब्रेकचा आकडा दुप्पट धरा. घासलेल्या टायरवर त्याहून जास्त.

सावकाश_जा :
हे गणित बघून मग 'पुढच्या गाडीपासून दोन सेकंद' हा नियम कसा पुरतो? ५०ला दोन सेकंद म्हणजे २८ मीटर, आणि थांबायला लागतात ३५.

रबर_आणि_डांबर :
चांगला प्रश्न. दोन सेकंदांचा नियम चालत्या गाडीच्या मागे राहण्यासाठी आहे. ती ब्रेक मारेल तेव्हा तीही काही मीटर पुढे जाऊनच थांबणार, हे त्यात धरलेलं असतं. उभ्या वस्तूला हा नियम लागू नाही. पुढची गाडी समोरच्या ट्रकला आदळून जागीच थांबली तर दोन सेकंद अपुरेच. नवशिक्याने तीन धरावेत, ओल्या रस्त्यावर चार. मोजायची पद्धत: पुढच्या गाडीचं मागचं टोक खांबाशी किंवा सावलीशी आलं की मोजायला लागा, आपण तिथे पोचेपर्यंत. आकडे 'एक हजार एक, एक हजार दोन' असे म्हणा, म्हणजे प्रत्येकाला साधारण एक सेकंद जातो. नुसतं 'एक-दोन' घाईत अर्ध्या सेकंदात संपतं.

काचेमागे :
मूळ प्रश्नाकडे येतो, कशावर लक्ष. धोका दिसायच्या आधी त्याची खूण दिसते, आणि वाचायची ती खूण.

कडेला उभ्या गाड्यांची रांग घ्या. नवशिक्याला ती भिंत वाटते. तिच्यात शोधायचं असं: कुठल्या गाडीत चालकाच्या जागी डोकं दिसतंय? कुठले मागचे दिवे लागलेत? धूर निघतोय का? पुढची चाकं रस्त्याच्या बाजूला वळलीत का? यातलं काही दिसलं तर ती गाडी निघणार किंवा तिचा दरवाजा उघडणार. गाडीच्या पोटाखालून पलीकडे पाय दिसतात, तेही बघा, लहान मुलं बहुतेक वेळा तशीच कळतात. दरवाजा पूर्ण उघडला तर मीटरभर जागा खातो, म्हणून रांगेपासून तेवढं अंतर ठेवायचं. जागा नसेल तर वेग उतरवायचा. अंतर आणि वेग यातलं एक तरी कमी-जास्त करता आलं पाहिजे. दोन्ही तसंच ठेवून पुढे जाणं म्हणजे नशिबावर हवाला.

थांबलेली बस: उतरलेला माणूस बसच्या पुढून रस्ता ओलांडतो आणि बसच्या आडोशामुळे त्याला तुम्ही दिसत नाही. बसच्या पुढच्या कोपऱ्यावर नजर ठेवा.

झेब्रा क्रॉसिंगपाशी शेजारच्या लेनमधली गाडी थांबली आहे आणि तुमची लेन मोकळी आहे. हा सगळ्यात फसवा देखावा. ती उगाच थांबलेली नाही, तिच्यापुढून कोणीतरी चालत येतंय. पुढे काढायची नाही, थांबायचं.

चेंडू रस्त्यावर आला तर चेंडूकडे बघत बसू नका, तो जिथून आला तिकडे बघा. एक जनावर रस्ता ओलांडून गेलं की दुसरं येणार असं धरून चाला.

दुचाकीवाली :
@काचेमागे, दुचाकी राहिली. दुचाकीस्वाराने खांद्यावरून मागे बघितलं की पुढच्या दोन-तीन सेकंदांत तो बाजूला सरकणार. पुढे खड्डा, साचलेलं पाणी, गटाराची जाळी किंवा वाळू असेल तर तो न बघताही सरकेल. म्हणून त्याच्या पुढचा रस्तासुद्धा तुम्हीच वाचायचा. सायकलवाल्याला बाजूच्या वाऱ्याचाही धक्का बसतो, विशेषतः मोठ्या वाहनाचा आडोसा संपतो त्या जागी.

आणखी एक. लांबून येणारी मोटरसायकल आकाराने लहान, त्यामुळे ती आहे त्यापेक्षा दूर आणि हळू वाटते. वळताना 'येईल तोवर निघून जाऊ' हा अंदाज इथेच फसतो. शंका आली तर जाऊ द्या तिला.

आगाऊ_प्रवासी :
इंडिकेटरबद्दल कोणीच बोललं नाही. की तो शोभेचा दिवा आहे यावर सर्वांचं एकमत आहे?

काचेमागे :
इंडिकेटर हा इरादा, पुरावा नव्हे. चालू आहे म्हणजे दिवा चालतो, एवढंच नक्की. वळणार का हे पुढच्या चाकांवरून आणि उतरणाऱ्या वेगावरून कळतं. गल्लीतून बाहेर येऊ पाहणाऱ्या गाडीच्या बॉनेटकडे न बघता चाकाकडे बघा. चाक फिरायला लागलेलं लगेच कळतं, बॉनेट हललेलं कळायला वेळ लागतो. चालकाशी नजरानजर झाली म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलं, हेही खरं नाही. माणूस डोळे तुमच्याकडे ठेवून तुमच्या आरपार बघत असू शकतो.

खांबाआड :
नजरेचा विषय निघालाय तर पुढच्या काचेच्या दोन्ही कडांचे खांब लक्षात घ्या. त्यांच्याआड वीसेक मीटरवरचा पायी माणूस किंवा दुचाकी पूर्ण लपू शकते. त्यात एक घातक योग आहे. तुम्ही आणि आडव्या रस्त्यावरून येणारं वाहन दोघंही एकाच वेळी चौकात पोचणार असाल, तर ते वाहन तुमच्या काचेत एकाच जागी राहतं, सरकत नाही, फक्त मोठं होत जातं. डोळा हालचाल पटकन टिपतो, त्यामुळे न सरकणारी वस्तू त्याला जाणवत नाही. आणि ती जागा नेमकी खांबाआड असेल तर शेवटपर्यंत दिसतच नाही. टक्कर होणारं वाहनच तेवढं लपून राहतं.

उपाय फुकट आहे: चौकात शिरताना मान आणि कंबरेपासूनचं शरीर थोडं पुढे-मागे हलवायचं, म्हणजे खांबाआडचा भाग उघडा पडतो. शिवाय प्रत्येक बाजूला दोनदा बघायचं. डोळे एका जागेवरून दुसरीकडे झटकन नेले की मधलं मेंदू टिपतच नाही, म्हणून नजर ओढत न नेता दोन-तीन ठिकाणी थांबवत न्यायची.

तिसरा_गिअर :
हे उत्तम चाललंय. आता दुसरा भाग. दिसलं, कळलं. मग पाय-हात काय करतात?

शेजारची_सीट :
बहुतेक वेळा काहीच नाट्यमय नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा आणि ब्रेकवर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. त्याने वेग उतरायला लागतो आणि पाय आधीच जागेवर असल्याने पुढचे काही दशांश सेकंद वाचतात. ५०ला सेकंदाचे तीन दशांश म्हणजे ४ मीटर, झेब्राच्या पट्ट्यांएवढी रुंदी. उभ्या गाड्यांची रांग, शाळेची वेळ, कुत्रं कडेला, बराच वेळ हिरवा असलेला सिग्नल, या सगळ्यांना हेच उत्तर. धोका विरला तर पाय परत ॲक्सिलरेटरवर, कोणाला कळतही नाही.

दिवसभरात ब्रेक जोरात दाबावा लागला नाही, तर धोके कमी होते असं नाही. ते लवकर वाचले गेले.

सावकाश_जा :
आणि जोरात दाबायची वेळ आलीच तर? क्लच आधी की ब्रेक? शिकाऊ लोक घाबरले की पहिला पाय क्लचवर जातो. माझ्या मते ब्रेक आधी, आणि वेग १५-२०वर आला की मग क्लच.

उतारावर :
असहमत. आणीबाणीत दोन्ही पाय एकदम पूर्ण खाली. इंजिनाच्या ओढीने होणारी मदत अशा ब्रेकपुढे नगण्य असते, आणि गाडी बंद पडली तर पुढची हालचाल खुंटते. घाबरलेल्या माणसाला क्रम आठवत नाही. त्याला एकच आज्ञा द्या.

शेजारची_सीट :
दोघांचंही बरोबर, प्रसंग वेगळे. रोजचा वेग उतरवताना ब्रेक आधी, क्लच अगदी शेवटी. कारण क्लच आधी दाबला की गाडी इंजिनापासून सुटते, मोकळी पळाल्यासारखी वाटते, उतारावर तर वेग वाढतोही, आणि नवशिका बिचकतो. आणीबाणीत दोन्ही एकदम दाबले तर ती चूक धरू नये.

खरी चूक वेगळीच असते: ब्रेक अर्धवट दाबणं. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबला की पॅडल थरथरतं, खडखडाट होतो. नवशिक्याला वाटतं काहीतरी मोडलं, आणि तो पाय उचलतो. उचलायचा नाही. थरथर म्हणजे यंत्रणा काम करतेय. दाबून धरा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी, नजर मोकळ्या जागेकडे. एबीएस नसेल आणि चाकं जाम होऊन गाडी घसरत चालली तर पाय क्षणभर ढिला करून पुन्हा दाबा, कारण जाम चाकांवर स्टिअरिंग चालत नाही.

सराव करा. रिकामी, कोरडी, सरळ जागा, मागे कोणी नाही, शेजारी जाणकार, वेग ३० ते ४०. आधी सीट तपासा: ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. पाय ताठ होत असेल तर पूर्ण जोर लागतच नाही. पायाजवळची पाण्याची बाटली काढून ठेवा, ती पॅडलखाली गेली तर ब्रेक दाबलाच जात नाही. सैल मॅटचंही तेच.

आगाऊ_प्रवासी :
ऑटोमॅटिकवाले हा सगळा वाद वाचून दुसरा पाय कुठे ठेवायचा या विचारात पडले असतील.

सावकाश_जा :
दुसरा पाय जमिनीवर स्वस्थ ठेवायचा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही एकाच पायाने. दोन पाय वापरले की घाबरल्यावर दोन्ही एकदम दाबले जातात.

वळणवेडी :
स्टिअरिंगने चुकवायचं की ब्रेक, यावर लिहिते. नवशिक्यासाठी नियम साधा: आपल्या लेनमध्ये राहून ब्रेक. टायरची पकड मर्यादित असते, ती थांबणं आणि वळणं यांत वाटली जाते. शिवाय बाजूला काय आहे हे ठाऊक नसताना वळणं म्हणजे एका कुत्र्यासाठी समोरच्या ट्रकखाली जाणं. बाजू मोकळी आहे हे आरशांमुळे आधीच माहीत असेल तरच चुकवायचा विचार.

एक चाक डांबरावरून साइडपट्टीवर उतरलं तर झटका देऊन परत आणू नका. कडेला घासत घासत चाक अचानक पकड घेतं आणि गाडी आडवी दुसऱ्या बाजूला फेकली जाते. स्टिअरिंग घट्ट, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, वेग बराच उतरू द्या, मग आरसा बघून हळूच वर घ्या.

वळणांसाठी: रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे जिथे एकत्र आल्यासारख्या दिसतात त्या बिंदूवर नजर ठेवा. तो बिंदू तुमच्याकडे सरकत येतोय म्हणजे वळण आवळत चाललंय, वेग जास्त आहे. तो तेवढाच लांब राहिला तर वेग बरोबर. तो पळायला लागला की वळण सुटतंय. ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत. कसोटी एकच: दिसतंय तेवढ्या अंतरात, आपल्या बाजूला, थांबता येईल का?

निशाचर :
ही कसोटी रात्री सगळ्यात आधी मोडते. लो बीममध्ये गडद कपड्यातला माणूस साधारण ४० ते ६० मीटरवर दिसतो. वर @रबर_आणि_डांबर यांनी ८०ला ६८ मीटर दिलेत. म्हणजे अंधाऱ्या रस्त्यावर लो बीम लावून ८०ने जाणारा माणूस दिसण्याच्या पलीकडे गाडी चालवतोय. समोर कोणी नसेल तर हाय बीम, कोणी आलं की लगेच खाली.

समोरच्याने खाली केला नाही तर सूड म्हणून आपला वर करू नका. आता न दिसणारे दोन चालक झाले. वेग कमी करा आणि नजर आपल्या बाजूच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न्या. तो दिवा गेल्यावर डोळे सावरायला काही सेकंद लागतात, नेमक्या त्या अंधारात पायी माणूस किंवा बिनदिव्याचं उभं वाहन असतं. काच आतून पुसून ठेवा, आतला तेलकट थर दिवसा दिसत नाही आणि रात्री प्रत्येक दिव्याची चांदणी करतो.

रबर_आणि_डांबर :
पाऊस जोडतो. पहिल्या सरी जास्त घसरड्या, कारण तेल, रबराचा भुगा आणि धूळ पाण्यात मिसळून वर येतात. साचलेल्या पाण्यावर वेगाने गेलं की टायरच्या खाचांतून पाणी बाहेर जायला वेळ मिळत नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो. खूण: स्टिअरिंग एकदम हलकं होतं, इंजिनाचा आवाज चढतो. कृती: ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक मारू नका, पकड परत येईपर्यंत थांबा. त्या क्षणी स्टिअरिंग फिरवलं तर चाकं वळलेल्या अवस्थेत पकड घेतात आणि गाडी झटक्याने तिकडे जाते. बऱ्याच देशांत खाचांची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. पावसाळ्याआधी ३च्या खाली गेलेले टायर मी तरी ठेवणार नाही.

पाण्याने भरलेला खड्डा खोल समजा. खड्ड्यात असताना ब्रेक नको, आधी मारा आणि चाक आत पडायच्या क्षणी सोडा. ब्रेक दाबलेला असला की वजन पुढच्या चाकांवर येतं, सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं आणि सगळा मार रिमला बसतो. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलका दाबून वाळवा.

उतारावर :
लांब उतार. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात, पकड घटते, पुढे ब्रेक ऑइल उकळून पॅडल स्पंजासारखं लागतं. करपलेला वास आला तर उशीर व्हायला लागलाय. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, ब्रेक अधूनमधून नीट दाबून पूर्ण सोडा. न्यूट्रलमध्ये उतरणं हा इंधन वाचवायचा सगळ्यात महागडा उपाय आहे.

ब्रेक गेलाच तर: पॅडल भराभर पंप करा, गिअर एकेक करून खाली, हातब्रेक बटण दाबून धरत हळूहळू ओढा. एकदम ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते.

टायर फुटला तर ब्रेक मारायची ऊर्मी आवरा. स्टिअरिंग घट्ट, ॲक्सिलरेटर हळू सोडा, गाडी आपोआप मंदावू द्या, मग कडेला.

ट्रकबद्दल एकच: तुम्हाला त्याच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. आणि वळताना लांब वाहनाची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात. तो विरुद्ध बाजूला सरकून मोठं वळण घेतोय आणि आत छान मोकळी जागा दिसतेय, तर ती त्याच्या मागच्या चाकांची जागा आहे.

दुचाकीवाली :
+१. आणि मागे चिकटलेल्याचं काय करायचं तेही सांगा. नवशिके त्याच्या दबावाने वेग वाढवतात.

शेजारची_सीट :
त्याला ब्रेक दाखवून धडा शिकवायचा नाही. आपलं पुढचं अंतर वाढवायचं. तीनचे चार-पाच सेकंद करा. म्हणजे पुढे काही झालं तरी आपल्याला हळू ब्रेक मारता येतो, आणि मागच्याला त्याच्या वाट्याचा वेळही आपणच देतो. संधी मिळाली की कडेला घेऊन जाऊ द्या.

सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवा. ती बंद पडली किंवा मागे घसरली तर बाजूने निघता येतं.

नियम_पुस्तक :
धाग्याच्या मूळ मताला एक आधार. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २००२ पासून लेखी परीक्षेसोबत धोके ओळखण्याची व्हिडिओ चाचणी आहे. गाडीसाठी १४ चित्रफिती असतात. धोका आकार घ्यायला लागला की क्लिक करायचं, जितकं लवकर तितके जास्त गुण, एका धोक्याला जास्तीत जास्त ५. नुसता उभा माणूस मोजत नाहीत. तो रस्त्याकडे निघाला आणि तुम्हाला वेग किंवा दिशा बदलावी लागणार, हा मोजण्यासारखा धोका. म्हणजे तिथे परीक्षा पायांची नाही, ओळखण्याची आहे.

आगाऊ_प्रवासी :
मग सतत क्लिक करत राहिलं की झालं, पैकीच्या पैकी!

नियम_पुस्तक :
ती युक्ती संगणकाला माहीत आहे. ठरावीक तालात किंवा सारखं क्लिक केलं की त्या चित्रफितीला शून्य.

तिसरा_गिअर :
हॉर्न राहिला. आणि यातलं सगळं एकदम कसं शिकायचं?

काचेमागे :
हॉर्न 'मी आहे' हे सांगायला, लांबून, एकदा, छोटा. ब्रेकसोबत चालेल, ब्रेकऐवजी नाही. समोरच्याला ऐकू आलं का, त्याने मागे न बघता उडी मारली तर कुठल्या बाजूला मारेल, यातलं काहीच तुमच्या हातात नसतं.

शेजारची_सीट :
शिकायची पद्धत: बोलत चालवणं. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या गाड्या चालवणाऱ्यांना हे शिकवतात. दिसलं ते, त्यातून काय होऊ शकतं ते, आणि आपण काय करतोय ते, तिन्ही थोडक्यात. 'थांबलेली बस, पुढून माणूस येईल, पाय ब्रेकवर.' 'हिरवा बराच वेळ आहे, बदलेल, आरसा, वेग कमी.' 'सायकल, पुढे खड्डा, मागेच राहतो.'

सावकाश_जा :
बोलण्यात लक्ष जाऊन चालवणंच बिघडत नाही का? नवशिक्याचं डोकं आधीच क्लच-गिअरने भरलेलं असतं.

शेजारची_सीट :
बिघडतं, म्हणून सुरुवात चालवताना करायचीच नाही. आधी शेजारच्या सीटवर बसून, दुसरा चालवत असताना बोला. चालवणाऱ्याचा पाय हलायच्या आधी तुमचं वाक्य संपलं पाहिजे, ही कसोटी. ते जमायला लागलं की स्वतः चालवताना, रिकाम्या ओळखीच्या रस्त्यावर, एका वेळी एकच विषय: आज फक्त उभ्या गाड्या, उद्या फक्त चौक, नंतर आरसे. गर्दीत वाक्यं तुटायला लागली तर बोलणं थांबवा, वेग उतरवा. वाक्य तुटलं म्हणजे त्या रस्त्यावर तो वेग तुमच्या डोळ्यांना झेपत नाहीये.

आगाऊ_प्रवासी :
म्हणजे काल्पनिक ब्रेक आता तोंडाने मारायचा. घरच्यांना कळवतो, त्यांचा सराव बराच आहे.

खांबाआड :
@शेजारची_सीट, एक भर. सुरू करण्याआधीची फेरी या सरावात घ्या. गाडीत बसण्याआधी मागून एक चक्कर, कारण मागच्या काचेच्या खालच्या कडेपेक्षा बुटकं मूल कुठल्याच आरशात दिसत नाही. रिव्हर्स कॅमेरा असला तरी त्याची काच चिखलाने भरलेली असते.

तिसरा_गिअर :
दोन गोष्टी लगेच वापरता येतील: शेजारी बसून बोलणं आणि 'मागे काय आहे?' हा प्रश्न. चौकात बराच वेळ हिरवा असलेल्या सिग्नलचं मात्र कळलं नाही. वेग कमी केला आणि तो हिरवाच राहिला, तर मागचा वैतागतो. नेमकं कुठे ठरवायचं, थांबायचं की जायचं?

शेजारची_सीट :
चौकाच्या अलीकडे मनात एक जागा ठरवा, जिथून आरामात ब्रेक मारून थांबरेषेवर थांबता येईल अशी. ५०ला, कोरड्या रस्त्यावर, पाय ब्रेकवर तयार असेल तर ती रेषेच्या ३५-४० मीटर अलीकडे येते, ओल्यावर ५५-६०. त्या जागेच्या अलीकडे पिवळा झाला तर थांबायचं, ती ओलांडल्यावर झाला तर दोन्ही बाजू बघत निघून जायचं, ब्रेक-ॲक्सिलरेटर असा घोळ घालायचा नाही. आणि ती जागा येण्याआधी आरशात मागचा किती जवळ आहे ते बघितलेलं असू द्या. तो अगदी चिकटून असेल तर ॲक्सिलरेटर आणखी आधी सोडा. वैतागला तर वैतागू दे.